दुपारची जप्ती

मी एकदा दोन बंड्या कापूस विकला. माझ्याकडे कापूस नव्हता, बंडी नव्हती, बंडीला जुंपायला बैल नव्हते, आणि शेतीवाडी म्हणावी तर भाड्याच्या खोलीपुढची एक तुळस. तिलाही पाणी घरमालकीण घालायची. घेणारा माणूस सकाळी काय खाल्लं ते दुपारी विसरणारा होता, तेव्हा सौदाही विसरेल, असं मी धरून चाललो. मी विमा एजंट. लोक हप्ता विसरतात, एवढ्या अनुभवावर 'माणूस सगळंच विसरतो' असा सिद्धांत मी बांधून ठेवला होता.

सिद्धांत दुसऱ्या दिवशी सकाळीच मोडला. कसा ते सांगतो; पण आधी ज्या माणसानं मला त्या ओट्यावर नेऊन बसवलं त्याच्याबद्दल सांगायला हवं, कारण आपल्या पायांनी मी तिथे कधीच गेलो नसतो.

सुखदेवजी जन्मभर अमरावतीच्या कोर्टात बेलिफ होते. हुकूम घेऊन लोकांच्या दारी जायचं आणि सामान जप्त करून आणायचं, हे काम. रिटायर झाल्यावर ते अकोल्याला, आपल्या मूळ गावी आले. येताना पितळी बटणांचा खाकी कोट घेऊन आले. तो खरं म्हणजे सरकारजमा करायचा होता. "कोट माह्या मापाचा हाय, सरकारच्या नाही," असं ते म्हणत. उंच, वाळलेले, काखेत बारमाही छत्री, आणि आवाज असा की त्यांनी नुसतं "नमस्कार" म्हटलं तरी आतल्या बायका पितळेच्या घागरी उचलून मागच्या दाराकडे धावत. या आवाजाचा त्यांना फार गर्व होता. कॅरममध्ये ते उघडउघड सोंगटी ढकलत, आणि कोणी हटकलं तर तोच आवाज लावत. मग राणी त्यांचीच.

नोकरीच्या काळात गावोगावच्या पाटील-देशमुखांनी त्यांना अंगणातच उभं केलं होतं. पण हातात कोर्टाचा कागद असला की अंगणातून थेट ओसरीवर, ओसरीवरून माजघरात. "माह्या बापाले ज्या घरची पायरी नाही दिसली, त्या घरचं मी देवघरबी मोजून आलो," हे ते मिटक्या मारत सांगायचे. धर्मांतराला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. सुखदेवजींच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आली होती, आणि आमच्यासारख्या सुशिक्षितांच्या तोंडी 'आता कसली जातपात' हे वाक्य आलं होतं. ते आम्ही आपापल्या माठातलं पाणी पीत म्हणायचो.

एके दुपारी मी जेवून बाहेर आलो तर माझ्या सायकलीला भलंमोठं पितळी कुलूप. शेजारी सुखदेवजी.

"एजंट साहेब, तुमी दुपारी काय करता?"

"लोकांना भेटतो. धंदाच आहे आमचा."

"काल झोपले होते. परवाबी. तुमचं घोरनं फाटकापर्यंत येते."

"बरं, मग?"

"ते दुपार मी जप्त करून राहिलो."

मी कायद्याची भाषा काढली. ही चूक. कायदा त्यांना तोंडपाठ होता.

"कायद्यात लिव्हलं हाय, काय जप्त करता येत नाही ते. बाईचं मंगळसूत्र नाही, कास्तकाराचे बैल नाही, सुताराचा रंधा नाही, सैपाकाचे भांडे नाही, आंगावरचे कपडे नाही. सारं पाहून घेतलं मी. मानसाची दुपार त्याच्यात नाही. चाला."

अशा जप्त केलेल्या दुपारी त्यांच्याकडे बऱ्याच होत्या. एका मास्तरांचा रेडिओ, एका कंपाउंडरचा कॅरम बोर्ड, एका वकिलाच्या कारकुनाची बुद्धिबळाची पेटी. ज्याचा जीव जिथे अडकलेला, ते उचलून आणायचं, आणि आठवड्यातून एक दुपार दिली की तेवढ्यापुरतं वापरायला द्यायचं. हे सगळं सामान गोविंदशेठ आडत्यांच्या ओट्यावर मांडून ठेवलेलं असे. नवखा माणूस दुकान समजून भाव विचारायचा.

गोविंदशेठ म्हणजे एकेकाळी अकोल्याच्या कापूस बाजारातलं मोठं नाव. आता ते बायकोचं नाव विसरले होते. घर विसरले होते. घरातच बसून "घरी जाऊ द्या" म्हणत. दार उघडं दिसलं की बाजाराच्या दिशेनं सुटत आणि भलतीकडेच सापडत. डॉक्टर म्हणाले, वय झालं. वैद्य म्हणाले, वात. शेजारीण म्हणाली, करणी. गल्लीतली पोरं 'भैताड' म्हणत. सुखदेवजींचं निदान सगळ्यांहून वेगळं होतं.

"कोर्ट सुट्टीवर गेलं हाय," ते म्हणायचे. "इमारत तशीच हाय, शिपाई दारावर हाय, कारकून बसला हाय. साहेब तेवढे नाहीत. कधीमधी दोन मिनिटं येतेत, खुर्चीवर टेकतेत, अन् जातेत. म्हून बाहेर कोनीतरी बसून राह्यलं पाह्यजे. साहेब आले अन् बाहेर कोनीच नाही, असं नाही झालं पाह्यजे."

शेठच्या बायको राधाकाकू. मूलबाळ नाही. नवऱ्यामागे धावून धावून त्यांच्या पायांना भेगा पडल्या होत्या, आणि कित्येक दिवसांत अंगावरून नीट पाणी घ्यायला त्यांना सवड झाली नव्हती. अमरावतीला पुतण्या होता, मुरलीधर. त्याची तिथे जिनिंग. त्यानं निरोप धाडला होता: झेपत नसेल तर काकांना इकडे आणतो, जिनाच्या मागच्या खोलीत ठेवतो, सरकी निघते तिथे इतका आवाज असतो की कोणी कितीही ओरडलं तरी बाहेर ऐकू येत नाही. हे तो सोय म्हणून सांगत होता. काकूंना त्या दिवसापासून जेवण जात नव्हतं. त्यांना नवरा आपल्याच घरात, उघड्या दारात हवा होता, इतकंच. ते एकट्या बाईच्या आटोक्यातलं नव्हतं, म्हणून सुखदेवजींच्या जप्त्या.

माझी दुपार मंगळवारची. पहिल्या मंगळवारी मी शेठना विम्याचे फायदे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दर थोड्या वेळानं "तुम्ही कोण?" विचारलं. इतका चांगला श्रोता मला धंद्यात भेटला नव्हता. तिसऱ्या-चौथ्या मंगळवारी मात्र मी कंटाळलो. शेठच्या खांद्यावर कायम उपरणं असे. जुन्या आडत्यांची रीत अशी की भाव तोंडानं बोलायचा नाही. उपरण्याखाली दोघांनी हात धरायचा आणि बोटं दाबून सौदा करायचा. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागत नसे. बाजारात उघड बोलीचा नियम येऊन जमाना झाला होता, पण शेठच्या बोटांना ते कोणी कळवलं नव्हतं. त्यांनी उपरणं पुढे केलं. मी गंमत म्हणून हात आत घातला. त्यांनी बोटं दाबली, मीही उगाच दाबली. त्यांनी पुन्हा वेगळी दाबली, मी पुन्हा. शेठचा चेहरा पाहता पाहता उजळला.

"झाला सौदा," ते म्हणाले. "दोन बंड्या. उद्या सकाळी आना."

मी हसत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सुखदेवजींच्या आवाजानं सगळी गल्ली बाहेर आली. शेठ पहाटेपासून ओट्यावर उभे होते. चहाला हात लावला नव्हता, खाली बसायला तयार नव्हते. "सौदा झाला. माल नाही आला. माही पत गेली," एवढंच म्हणत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बायकोचं नाव गेलं, घर गेलं. बोटांनी केलेला करार जागच्या जागी होता.

"कोनं इकला याइले कापूस?" राधाकाकूंनी विचारलं.

माझ्या तोंडाकडे पाहून कोणाला उत्तर द्यायची गरज पडली नाही.

मी परिस्थिती हातात घेतली. शेठसमोर उभा राहून काल जे घडलं तो विनोद होता, हे मी मुद्देसूद, उदाहरणांसह समजावून सांगितलं. शेवटी शेठनी विचारलं, "माल कुठे हाय?"

"चूप बसा आता," सुखदेवजी म्हणाले. "तोंडानं सौदा मोडत नसते." आणि कोटाची बटणं लावत बाजाराच्या रस्त्याला गेले.

बाळापूरकडून कापसाच्या बंड्या यायची तीच वेळ. सुखदेवजींनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून नुसतं "थांबा!" म्हटलं. खाकी कोट आणि तो आवाज. पहिल्या दोन गाडीवानांच्या तोंडचं पाणी पळालं. एकानं तर "साहेब, हप्ता भरला हाय" म्हणून हात जोडले. जप्ती बैलांची नसून दोन मिनिटांची आहे, हे कळल्यावर ते इतके सुटल्यासारखे झाले की कुठेही चला म्हणाले असते.

बंड्या ओट्यापुढे आल्या. शेठ धोतर सावरत चाकावर पाय देऊन चढले. मूठभर कापूस उपसला, चिमटीत धरून तार ओढली, उजेडाकडे धरून पाहिली. पहिली बंडी पसंत. दुसरीतला कापूस त्यांनी हुंगला आणि म्हणाले, "वरून चांगला, खालून कवडी. वापस."

आता त्या शेतकऱ्यानं गप्प बसायचं ना? त्याला सांगितलं होतं सगळं. पण मालाला नाव ठेवलं म्हटल्यावर तोही इरेला पेटला. "कवडी कोनाले म्हनता शेठ? माह्या वावरातला कापूस हाय!" "तुह्या वावराले मी तुह्या बापापासून ओळखतो!" अशी ती जुंपली. राधाकाकू दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या, की रडत होत्या, मला कळलं नाही. साहेब खुर्चीवर येऊन बसले होते, आणि बाहेर पक्षकार हजर होता.

भांडण मिटलं. रिवाजाप्रमाणे दोन्ही बंड्यांतली वानगी, म्हणजे नमुन्याचा मूठभर कापूस, आडत्याकडे राहिली. शेठ पोटभर जेवले.

सुखदेवजी त्या दोन मुठींकडे बराच वेळ पाहत राहिले. त्यांच्या हाताखाली अशी आणखी काही घरं होती, जिथे कोर्ट सुट्टीवर होतं. आणि फुकटच्या दुपारींवर सगळं भागत नव्हतं. एखादी पगारी बाई हवी होती, जी सकाळी येऊन अंघोळी घालील. त्यासाठी तिकीट लावून एक नाटक बसवावं आणि नायक मी व्हावं, असं मी मागे सुचवलं होतं. "लोक पैसे देतीन," सुखदेवजी म्हणाले होते, "पन ते तुमाले खाली उतरवासाठी." आता त्यांना उपाय सापडला होता. माझ्या मूर्खपणातून सापडला होता, हे मी दोन-तीनदा सुचवून पाहिलं. कोणी दाद दिली नाही.

त्या हंगामात बाजाराकडे जाणारी बंडी शेठच्या ओट्यावरून वळून जायला लागली. शेठ तार पाहायचे, शिव्या द्यायचे, वानगी ठेवून घ्यायचे. निम्मे शेतकरी म्हणत, शेठनं आमाले कधी फसवलं नाही. उरलेले म्हणत, फसवलं, पन हासून फसवलं. मुठीमुठीनं कोठी भरली. मोहल्ल्यातल्या पिंजाऱ्यानं कापूस पिंजून दिला, राधाकाकूंनी रजया शिवल्या, आणि सुखदेवजींनी त्या विकल्या. म्हणजे ज्या घरानं दुपार द्यायला नकार दिला होता त्या घरापुढे उभं राहून खणखणीत आवाजात रजईचं वर्णन केलं. पहिली ललकारी संपायच्या आत रजई खपत असे. त्यावर पगारी बाई लागली, शेंदूरजनाघाटची, दोन दंडांत म्हाताऱ्याला उचलणारी. राधाकाकू पुन्हा रोज अंघोळ करू लागल्या. तुळशीला पाणी घालताना गुणगुणताना मी त्यांना ऐकलं.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मी विम्याच्या कामाला अमरावतीला गेलो आणि मुरलीधरला गाठलं. पॉलिसी गळ्यात मारायची तर ओळख काढावी लागते. मी शेठचं सगळं कौतुक सांगितलं. वर, आपण किती सुधारलेले आहोत हे दिसावं म्हणून, म्हणालो, "आणि गंमत पाहा, काकांना भरवतं कोण, तर सुखदेव बेलिफ! आपल्या हातानं!" मुरलीधरनं पॉलिसी घेतली नाही. रविवारी तो मोटार करून अकोल्याला आला.

शेठ ओट्यावर बसले होते. माझा वार नसूनही मी कॅरमसाठी आलो होतो. शेजारी वाटी-चमचा घेऊन सुखदेवजी वरणभात भरवत होते. मुरलीधर अंगणात थबकला.

"काकू, काका याच्या हातचं खातेत?"

"खातेत," राधाकाकू म्हणाल्या. "तुह्या हातचं खात असते तं तुले बलावलं असतं. तू कधी आला?"

"घराची काही रीतभात? काकांनी जन्मभर सोवळं पाळलं."

"पाळलं. आता विसरले ते. माहं नाव विसरले, तवा तू मोटार करून नाही आला. जात विसरले तं आला."

"मी आज काकांना घेऊन जातो," मुरलीधर म्हणाला. ड्रायव्हरला त्यानं मोटारीचं दार उघडायला सांगितलं.

मी काहीतरी समतोल बोलायला तोंड उघडलं. सुखदेवजींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. ते मी मिटलं.

मग सुखदेवजी उठले. ज्यांनी देवघरं मोजली होती ते आपण होऊन ओट्यावरून खाली अंगणात उतरले, आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच हलका ऐकला. "घ्या साहेब. मी उतरलो. वाटी ठेवली हाय. भात गरम हाय. चारा तुमी."

मुरलीधर वर चढला. चमचा भरला. शेठनी तोंड घट्ट मिटलं. "काका, घ्या ना." शेठनी त्याच्याकडे नीट पाहिलं, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि पुढे केलं. मुरलीधर कापसातलाच, रीत त्याला माहीत होती. त्यानं हात आत घातला. उन्हातून आलेला, रागानं तापलेला, घामानं चिंब हात. शेठनी तो चाचपला. बोटं फिरवली. आणि उपरणं झटकून त्याचा हात बाहेर टाकला.

"ओला माल," शेठ म्हणाले. "वजन वाढवाले पानी मारून आनला. वापस."

शेठनी उपरणं पुन्हा उचललं आणि ओट्याखाली उभ्या सुखदेवजींकडे धरलं. धरूनच राहिले. सुखदेवजी पायरी चढून वर आले, हात आत घातला. उपरण्याखाली काय ठरलं ते त्या दोघांना ठाऊक. शेठनी तोंड उघडलं.

"आडत्यानं माल वापस केला, मुरलीधर," राधाकाकू म्हणाल्या. "मोटारीचं दार लावून घे."

तो गेला. अमरावतीला जाऊन स्वस्थ बसला असं नाही. बोलायचं ते बोललाच. आठवड्याभरात मास्तर आपला रेडिओ परत घेऊन गेले. कंपाउंडरनं यायचं बंद केलं, पण कॅरम न्यायला त्याला लाज वाटली, म्हणून सुखदेवजी त्यावर बिनधास्त सोंगट्या ढकलत राहिले. काही बंड्या वळेनाशा झाल्या. बाकीच्या वळतच होत्या. शेठ पुढे दोन हंगाम काढून गेले, आपल्याच घरात, दार उघडं असताना. न्यायच्या वेळी राधाकाकूंनी ते उपरणं भावकीतल्या कोणाला दिलं नाही. सगळ्यांदेखत सुखदेवजींच्या हातात दिलं. सुखदेवजींनी ते कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि वरून सगळी बटणं लावून घेतली.

पुढे मी परतवाड्याला बिऱ्हाड हलवलं. जायच्या आदल्या दिवशी सुखदेवजींच्या घरी गेलो. पहिल्यांदा गेलो होतो, तेव्हा सायकल सोडवायला. चहा पुढे आला तर "आत्ताच घेऊन आलो" म्हणालो होतो. "घ्या का नका घेऊ, कुलूप तं तसंबी निघत नाही," असं तेव्हा ते म्हणाले होते. या वेळी मी न मागता दोन कप घेतले आणि तिसरा मागितला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण चहा सांगितला. कोपऱ्यात छत्री, खुंटीवर खाकी कोट. त्यांना अजून तीन घरी जायचं होतं. कोट अंगात घालून ते दारातच वहाणा चढवत होते.

निरोपाचं काहीतरी गंभीर बोलावं म्हणून मी म्हणालो, "सुखदेवजी, उद्या म्हातारपणी माझंही कोर्ट सुट्टीवर गेलं तर? मला कळणार कसं?"

"ज्याचं जाते त्याले नाही कळत," ते कोटाची बटणं लावत म्हणाले. "आजूबाजूच्याइले कळते."

छत्री काखेत मारून ते पायरी उतरले. फाटकापर्यंत गेले, थांबले, आणि सगळ्या मोहल्ल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"पन तुमचं त्याइलेबी नाही कळनार, एजंट साहेब. फरकच काय पडनार हाय?"